अखंड जोडणी: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात संगणकविषयक जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी होती. सर्व्हरवर काही घडले की ते वाचकाच्या पडद्यावर पान पुन्हा न उघडता त्याच क्षणी दिसावे, आणि वाचकाने पडद्यावर काही केले की ते सर्व्हरलाही लगेच कळावे, यासाठी दोघांमधील जोडणी उघडी ठेवून दोन्ही बाजूंनी बोलण्याची वेबसॉकेट नावाची जी पद्धत आहे, तिच्याविषयी हे प्रश्न आहेत. पत्र लिहिणारे बहुतेक जण या कामाला पहिल्यांदाच हात घालत आहेत, म्हणून काही उत्तरे विस्ताराने दिली आहेत.

प्रश्न (फोंडा): आमच्या नाट्यमंडळाच्या प्रयोगांची तिकिटे आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावर विकतो. कोणती खुर्ची गेली आणि कोणती मोकळी आहे हे कळावे म्हणून प्रत्येक प्रेक्षकाचे पान दर दोन सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहते. विक्री सुरू झाली की सर्व्हर मंदावतो, आणि तरीही कधीकधी एकच खुर्ची दोघांना विकली जाते. वेबसॉकेट वापरल्यास हे दोन्ही त्रास संपतील का?

उत्तर: पहिला संपेल, दुसरा संपणार नाही, आणि दुसरा अधिक गंभीर आहे.

आधी पहिल्याविषयी. तीनशे प्रेक्षकांनी पान उघडे ठेवले आणि प्रत्येक पान दोन सेकंदांनी विचारू लागले, तर सर्व्हरकडे सेकंदाला दीडशे, म्हणजे मिनिटाला नऊ हजार विनंत्या येतात. त्या मिनिटात दहा खुर्च्या विकल्या गेल्या असतील, तर उरलेल्या जवळजवळ सर्व विनंत्यांचे उत्तर ‘काही बदल नाही’ एवढेच असते, आणि प्रत्येक विनंतीबरोबर कुकी व इतर शीर्षकांचे (हेडर, म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहिती) काहीशे बाइट विनाकारण ये-जा करतात. यावर पूर्वी काढलेला तोडगा असा होता की सर्व्हरने विनंती लगेच निकाली न काढता अडवून धरायची आणि बातमी असेल तेव्हाच उत्तर द्यायचे. याला लाँग पोलिंग म्हणतात. अशा युक्त्यांना २००६ साली ‘कॉमेट’ हे सामायिक नाव मिळाले. वेबसॉकेटने या युक्त्यांची गरज बरीच कमी केली. २००८ च्या सुमारास त्याची आखणी सुरू झाली आणि डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ या दस्तऐवजाने त्याला प्रमाणरूप दिले.

परंतु तुमच्या कामाला वेबसॉकेटच हवे असेही नाही. खुर्च्यांचा नकाशा ताजा ठेवण्यासाठी बातमी फक्त सर्व्हरकडून प्रेक्षकाकडे जायची आहे, आणि अशा एकतर्फी कामासाठी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स ही अधिक साधी सोय आहे. ती ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या नेहमीच्या भाषेवर, म्हणजे एचटीटीपीवरच चालते, जोडणी तुटल्यास ब्राउझर स्वतःहून पुन्हा जोडतो, आणि शेवटची मिळालेली बातमी कोणती होती तिचा क्रमांकही सर्व्हरला कळवतो. अडचण एकच आहे: जुन्या एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका संकेतस्थळासाठी एकावेळी सहाच जोडण्या उघडतो, त्यामुळे एखाद्याने त्याच पानाचे सात टॅब उघडले तर सातवा अडकून बसतो. सर्व्हरवर एचटीटीपी २ सुरू केल्यास ही अडचण राहत नाही.

आता दुसरा त्रास. एकच खुर्ची दोघांना जाते, कारण तुमची विक्री पडद्यावर दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवते. बातमी कितीही वेगाने पोहोचली तरी ती पोहोचायला काही क्षण लागतातच, आणि त्या क्षणांत दोन माणसे एकाच हिरव्या चौकटीवर बोट ठेवू शकतात. खुर्ची कोणाची हे डेटाबेसनेच ठरवले पाहिजे. प्रयोग आणि खुर्ची या जोडीवर अद्वितीयतेचे बंधन घाला. दुसरी नोंद डेटाबेस नाकारील आणि त्या प्रेक्षकाला ‘ही खुर्ची आताच गेली’ असे सांगता येईल. खरेदीची विनंती साध्या एचटीटीपीने पाठवा आणि उघडी जोडणी फक्त रंग बदलण्यासाठी ठेवा. हा भेद मनात पक्का झाला की पुढची अर्धी गुंतागुंत निर्माणच होत नाही.

प्रश्न (मडगाव, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी): वेबसॉकेटची जोडणी सुरू होताना नेमके काय घडते? आणि एका यंत्रावर ६५,५३५ पोर्ट (जोडण्यांचे क्रमांकित दरवाजे) असल्यामुळे एका सर्व्हरला त्याहून अधिक जोडण्या सांभाळता येत नाहीत, असे आम्हाला सांगण्यात आले, ते खरे आहे का?

उत्तर: सुरुवात अगदी साध्या एचटीटीपी विनंतीने होते. ब्राउझर एक ‘गेट’ विनंती पाठवतो आणि तिच्यात ‘ही जोडणी वेबसॉकेटमध्ये बदलायची आहे’ असे सांगणारे अपग्रेड हे शीर्षक असते, शिवाय १६ बाइटांची एक यादृच्छिक किल्ली असते. सर्व्हर त्या किल्लीला प्रमाणदस्तऐवजात ठरवून दिलेली एक अक्षरमाला जोडतो, त्याचा शा-१ या गणिती पद्धतीने ठराविक लांबीचा सारांश काढतो आणि १०१ या क्रमांकाच्या उत्तराबरोबर परत पाठवतो. या देवाणघेवाणीला गुप्ततेचे साधन समजू नये. समोरच्याला वेबसॉकेट खरोखर कळते, तो एखादा जुना सर्व्हर चुकून ‘होय’ म्हणत नाही, एवढीच खात्री त्यातून होते. त्यानंतर त्याच टीसीपी जोडणीवर, म्हणजे दोन यंत्रांमधील मूळ जोडणीवर, एचटीटीपी संपते आणि छोट्या छोट्या चौकटींची, म्हणजे फ्रेमची, भाषा सुरू होते. सर्व्हरने पाठवलेल्या १२५ बाइटांपर्यंतच्या संदेशाला अवघे दोन बाइट शीर्षक पुरते.

ब्राउझरने पाठवलेल्या प्रत्येक फ्रेमवर मात्र चार बाइटांचा एक मुखवटा चढवावा लागतो, आणि त्यामागची हकिकत विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. प्रमाण ठरण्याआधीच्या मसुद्यांत एक धोका आढळला होता: दुष्ट हेतूच्या पानाने एचटीटीपीसारखा दिसणारा मजकूर वेबसॉकेटमधून पाठवला, तर वाटेतला एखादा प्रॉक्सी (दोघांमधून निरोप पुढे नेणारा मध्यस्थ सर्व्हर) फसून चुकीचा मजकूर साठवून ठेवू शकत होता. याच कारणाने डिसेंबर २०१० मध्ये फायरफॉक्सने आपल्या आगामी आवृत्तीत वेबसॉकेट बंद ठेवले होते. मुखवट्यामुळे तारेवरून जाणारे बाइट पानाच्या लेखकाला आधी ठरवता येत नाहीत आणि हा मार्ग बंद होतो.

पोर्टविषयी तुम्हाला जे सांगितले गेले ते चुकीचे आहे. सर्व्हर आपल्या सगळ्या जोडण्या ४४३ सारख्या एकाच पोर्टवर स्वीकारतो, आणि प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांचे पत्ते व दोन्ही टोकांचे पोर्ट अशा चार गोष्टींवरून ओळखली जाते. व्हॉट्सअॅपने जानेवारी २०१२ मध्येच एका यंत्रावर वीस लाखांहून अधिक टीसीपी जोडण्या सांभाळल्याचे जाहीर केले होते. खऱ्या मर्यादा दुसरीकडे आहेत. लिनक्सवर एका प्रक्रियेला उघड्या फाइलींची नेहमीची मुभा १,०२४ असते आणि प्रत्येक जोडणी तीत मोजली जाते, म्हणून ती वाढवावी लागते. त्यानंतर प्रत्येक जोडणीमागे लागणारी मेमरी. पोर्टची मर्यादा खरोखर आड येते ती एकाच ठिकाणी: पुढे प्रॉक्सी ठेवून मागे एकच सर्व्हर चालवला, तर प्रॉक्सी त्या सर्व्हरशी प्रत्येक जोडणीसाठी स्वतःचा एक पोर्ट खर्च करतो, आणि लिनक्स अशा कामासाठी सुरुवातीला सुमारे २८ हजारच पोर्ट राखून ठेवते. कदाचित ऐकीव माहितीचे मूळ तिथे असावे.

प्रश्न (मालिम): मालिमच्या जेटीवर उतरणाऱ्या बांगडे, इसवण, पापलेट यांचे भाव म्हापसा आणि फोंड्याच्या विक्रेत्यांना मोबाइलवर तत्काळ दिसावेत, अशी सोय आम्ही केली आहे. तक्रार अशी की पुष्कळदा पानावर ‘जोडलेले आहे’ असे हिरवे चिन्ह असते, पण भाव अर्ध्या तासापूर्वीचाच राहतो. एकदा जुन्या भावावर सौदा ठरून वादही झाला. चूक कुठे आहे?

उत्तर: या महिन्यातले हे सर्वांत महत्त्वाचे पत्र आहे, कारण यात माणसांच्या पैशाचा प्रश्न आहे. जोडणी नसणे परवडते. जोडणी आहे असे वाटणे आणि ती नसणे हे परवडत नाही.

टीसीपी जोडणी ही दोन टोकांच्या स्मृतीतली एक नोंद असते, मध्ये कोणतीही तार ताणलेली नसते. विक्रेत्याचा टेम्पो पुलावरून जाताना मोबाइल एका जाळ्यातून दुसऱ्यात गेला आणि त्याचा पत्ता बदलला, किंवा मोबाइल कंपनीच्या यंत्रणेने काही वेळ शांत असलेली नोंद पुसून टाकली, तर निरोपाचा शब्द दोन्हींपैकी कोणापर्यंतही पोहोचत नाही. फोन समजतो की जोडलेलो आहोत. सर्व्हरही तसेच समजतो, आणि पाठवलेल्या भावाची पोच येत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लिनक्सच्या मूळ मांडणीत आशा सोडायला त्याला पंधरा मिनिटांच्या आसपास लागू शकतात. टीसीपीची स्वतःची जिवंतपणाची तपासणी असते, परंतु चालू केली तरी ती मुळात दोन तासांनी सुरू होते. म्हणून ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

वेबसॉकेटमध्ये यासाठी पिंग आणि पाँग अशा दोन खास फ्रेम आहेत. सर्व्हरने दर २५ ते ३० सेकंदांनी पिंग पाठवावे, आणि ठरलेल्या वेळेत पाँग आले नाही तर ती जोडणी मृत समजून बंद करावी. याचा दुसराही लाभ आहे. तुमच्या सर्व्हरपुढे एन्जिनएक्स हा प्रॉक्सी म्हणून वापरला जाणारा सर्व्हर असेल, तर तो ६० सेकंद मागच्या सर्व्हरकडून काहीच न आल्यास जोडणी तोडतो. नियमित पिंगमुळे ती वेळ येत नाही. परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: ब्राउझर पिंगला आपोआप उत्तर देतो, पण पानावरच्या जावास्क्रिप्टला, म्हणजे पान चालवणाऱ्या प्रोग्रामला, ते पिंग दिसत नाही आणि तिला स्वतः पिंग पाठवताही येत नाही. तेव्हा सर्व्हरला फोन गेल्याचे कळेल, फोनला सर्व्हर गेल्याचे कळणार नाही. त्यासाठी सर्व्हरने साध्या संदेशाच्या रूपातही ठोका पाठवावा, आणि पानाने शेवटचा ठोका कधी आला याची नोंद ठेवून दोन ठोके चुकले की जोडणी स्वतः बंद करून नव्याने उघडावी.

तुमचे हिरवे चिन्ह तर मी काढूनच टाकीन. त्याच्या जागी प्रत्येक भावाशेजारी तो कोणत्या वेळचा आहे ते लिहा, आणि ठोका चुकताच भावाची अक्षरे फिकट करा. विक्रेत्याला जोडणीशी कर्तव्य नसते. समोरचा आकडा आताचा आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते.

पुन्हा जोडण्याविषयी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका भजनस्पर्धेचे गुण थेट दाखवणारे पान मी तयार केले होते. स्पर्धा रंगात आली असताना एक किरकोळ दुरुस्ती करण्यासाठी मी सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला. मी लिहिलेल्या पानात जोडणी तुटल्यास बरोबर एका सेकंदाने पुन्हा जोडावे असे होते, त्यामुळे सभागृहातले आणि घरोघरचे सगळे फोन एकाच सेकंदाला सर्व्हरवर येऊन आदळले, तो कोलमडला, सगळ्यांची जोडणी पुन्हा एकदम तुटली आणि एका सेकंदाने तेच पुन्हा घडले. गुण सांगायला शेवटी निवेदकाला व्यासपीठावर जावे लागले. तेव्हापासून मी दोन गोष्टी चुकवत नाही: प्रतीक्षा एक, दोन, चार, आठ सेकंद अशी दुपटीने वाढवत तीस सेकंदांपर्यंत न्यायची, आणि त्या मर्यादेच्या आत प्रत्येक फोनने आपली वेळ यादृच्छिकपणे निवडायची. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे, कारण सगळ्यांची प्रतीक्षा सारखीच दुपटीने वाढली तर गर्दी फक्त पुढे ढकलली जाते, पांगत नाही.

आणि जोडले गेल्यावर काय? मधल्या काळातले भाव कोण देणार? प्रत्येक बदलाला डेटाबेसमध्ये चढता क्रमांक द्या. फोन परत आल्यावर म्हणेल, ‘माझ्याकडे ४१७ पर्यंत आहे’, आणि सर्व्हर ४१८ पासूनचे सगळे देईल. फारच मागे राहिला असेल तर पूर्ण ताजा तक्ता देईल. भावाच्या बाबतीत खरे तर शेवटचा आकडा पुरतो, संवादाच्या बाबतीत मात्र प्रत्येक संदेश लागतो, हा फरक लक्षात घेऊन साठवण ठरवावी. येथे क्रमही जपावा लागतो. आधी तक्ता आणून नंतर नव्या बातम्या ऐकायला सुरुवात केली, तर त्या दोहोंच्या मधल्या फटीत आलेला बदल कायमचा हरवतो. म्हणून आधी ऐकायला लागावे, मग तक्ता आणावा, आणि तक्त्यात आलेलेच क्रमांक पुन्हा आले तर सोडून द्यावेत. फोनवरून सौदा नोंदवण्याची सोयही असेल, तर फोनने प्रत्येक नोंदीला स्वतःची एक ओळख द्यावी, म्हणजे पोच न मिळाल्यामुळे तीच नोंद दोनदा आली तरी सौदा एकदाच धरला जाईल.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंतचे मासेमारीबंदीचे ६१ दिवस तुम्हाला या दुरुस्तीसाठी मिळतात. पावसाळ्यात वीजही जाते आणि नेटवर्कही, तेव्हा तुटलेल्या जोडणीची चाचणी घ्यायला याहून योग्य ऋतू नाही.

प्रश्न (पणजी): आमचे पान घरी व्यवस्थित चालते, परंतु एका कचेरीच्या इंटरनेटवर वेबसॉकेट उघडतच नाही. अशा वेळी काय करावे?

उत्तर: पत्ता ‘डब्ल्यूएसएस’ने, म्हणजे कूटबद्ध जोडणीने आणि ४४३ पोर्टवर सुरू होतो की नाही ते आधी पाहा. कूटबद्ध नसलेली अपग्रेडची विनंती वाटेतले जुने प्रॉक्सी पुष्कळदा बिघडवतात. कूटबद्ध केल्यावर त्यांना आतले दिसतच नाही. तरीही अडले, तर लाँग पोलिंगची पर्यायी वाट ठेवावी. जुलै १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बेती यांच्यातील माणसांची ये-जा फेरीबोटींनी सांभाळली. पूल आला म्हणून आपण धक्के मोडले नव्हते. सॉकेट डॉट आयओ या तयार प्रोग्रामांच्या संचात (लायब्ररीत) ही सोय तयार मिळते: ते मुळात पोलिंगने सुरुवात करते आणि जमल्यास वेबसॉकेटवर जाते. मात्र त्याची स्वतःची संदेशपद्धत आहे, त्यामुळे एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला साधे वेबसॉकेट असे जुळत नाही.

प्रश्न (वास्को): गर्दी वाढल्यामुळे आम्ही एकाऐवजी दोन सर्व्हर लावले. आता एकाने लिहिलेला संदेश निम्म्याच लोकांना दिसतो.

उत्तर: प्रत्येक सर्व्हरला फक्त स्वतःकडे जोडलेली माणसे ठाऊक असतात, म्हणून दोघांना एकमेकांशी बोलायला मध्ये निरोप्या हवा. रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसची पब्लिश-सबस्क्राइब सोय या कामी सर्रास वापरतात. आधीपासून पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल आणि संदेश लहान असतील, तर त्याची लिसन-नोटिफाय सोयही पुरते, मात्र तिच्यात एका संदेशाला आठ हजार बाइटांच्या आतच राहावे लागते. रेडिसची ही सोय संदेश जास्तीत जास्त एकदा पोहोचवते. ऐकणारा त्या क्षणी हजर नसेल तर संदेश गेला. म्हणून संदेश आधी डेटाबेसमध्ये लिहावा आणि मग त्याची हाक द्यावी. वर मालिमच्या पत्रात सांगितलेले क्रमांक असतील, तर हाक चुकली तरी संदेश चुकत नाही.

प्रश्न (डिचोली): ब्राउझरमध्ये वेबसॉकेट उघडताना ओळखीचे टोकन शीर्षकात घालता येत नाही. मी ते पत्त्यातच जोडून पाठवतो. यात धोका आहे का?

उत्तर: आहे. पत्ता सर्व्हरच्या आणि प्रॉक्सीच्या नोंदवह्यांत जसाच्या तसा उतरतो, आणि टोकन तिथे वर्षानुवर्षे पडून राहते. जोडणी उघडल्यावर पहिल्याच संदेशात टोकन पाठवणे, आणि काही सेकंदांत ते न आल्यास सर्व्हरने जोडणी बंद करणे, हा एक चांगला मार्ग आहे. पत्त्यातूनच द्यायचे असेल तर एकदाच चालणारे आणि अर्ध्या मिनिटात निकामी होणारे वेगळे टोकन द्यावे.

कुकीवर विसंबून असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. एका संकेतस्थळाच्या पानाने दुसऱ्याचे उत्तर वाचू नये यासाठी ब्राउझर जो पहारा ठेवतो, तो वेबसॉकेटला लागू होत नाही. दुसऱ्याच एखाद्या पानाने तुमच्या सर्व्हरशी वेबसॉकेट उघडले, तर ब्राउझर त्याबरोबर तुमच्या सदस्याची कुकीही पाठवू शकतो, आणि ते परके पान त्या सदस्याच्या नावाने बोलू व ऐकू लागते. म्हणून जोडणीच्या विनंतीतले, ती कोणत्या संकेतस्थळाच्या पानाकडून आली हे सांगणारे ऑरिजिन हे शीर्षक सर्व्हरने तपासलेच पाहिजे आणि आपल्या ओळखीचे नसेल तर जोडणी नाकारली पाहिजे. शिवाय जोडणी तासन्‌तास उघडी राहते. एखाद्याचे सदस्यत्व मधल्या काळात रद्द झाले, तर त्याची उघडी जोडणीही त्याच वेळी बंद करण्याची तजवीज करावी. बहुतेक ठिकाणी प्रवेश करतानाच एकदा ओळख पाहिली जाते आणि पुढे कोणी विचारत नाही.

प्रश्न (पेडणे): फोन खिशात ठेवला आणि पडदा बंद झाला की आमच्या पानाला सूचना येणे थांबते. जोडणी जिवंत ठेवण्यासाठी आणखी काय करता येईल?

उत्तर: तशी ती ठेवता येणार नाही, आणि ठेवण्याचा प्रयत्नही करू नये. बॅटरी वाचवण्यासाठी फोन पार्श्वभूमीतील पाने गोठवतात, आणि अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, स्वस्थ पडलेल्या फोनवर अॅपांच्या जाळेवापरालाही वेसण आहे. खिशातल्या फोनला जागे करण्यासाठी वेब पुश ही वेगळी सोय आहे. आयफोनवर ती १६.४ या आवृत्तीपासून, पान मुख्य पडद्यावर जोडून घेतल्यास मिळते. तेव्हा सूचना पुशने पाठवा, आणि वाचकाने पडदा उघडल्यावर पान पुन्हा दिसू लागल्याची घटना ओळखून लगेच जोडणी नव्याने उघडा व राहिलेले क्रमांक मागून घ्या. वाढत्या प्रतीक्षेचा नियम त्या वेळी बाजूला ठेवावा, कारण माणूस समोर बसून वाट पाहत असतो.